वऱ्हाडची किंमत : १८५३ चे न झालेले युद्ध आणि हिंगोलीची छावणी

१.
१८५३ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनी आणि हैदराबादचे निजामी राज्य या दोन शेजाऱ्यांत युद्ध जुंपण्याची वेळ आली होती. युद्ध झाले नाही. २१ मे रोजी तह झाला आणि वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले. पुढे या साऱ्या प्रकरणाची एका वाक्यात बोळवण झाली : निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांना दिले. हे वाक्य आजही निःशंकपणे लिहिले आणि बोलले जाते. त्यातील ‘कर्ज’ संशयास्पद आहे, ‘दिले’ हे क्रियापद दिशाभूल करणारे आहे आणि ज्यांनी खरी किंमत मोजली त्यांचा त्यात उल्लेखही नाही. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

२.
प्रश्न जुना असला तरी त्याची खूण आजच्या नकाशावर आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शेजारचा वाशीम जिल्हा त्याआधी दहा महिने, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा झाला. एक मराठवाड्यात, दुसरा विदर्भात. दोन्हीकडे काळी माती, कापूस आणि ज्वारी, दोन्हीकडे मराठी, सोयरिकी इकडून तिकडे. मग मधली रेषा आली कोठून? पैनगंगेमुळे, असे उत्तर सहज दिले जाते. नदी दिसते, म्हणून ते पटतेही. पण ते उत्तर चुकीचे आहे.

३.
मोगल काळात ‘सरकार’ म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. ‘ऐन-ए-अकबरी’तील वऱ्हाड सुभ्याच्या यादीत वाशीम, माहूर आणि गोदावरीजवळची पाथरी ही तिन्ही सरकारे आहेत. म्हणजे पैनगंगा त्या सुभ्याच्या पोटातून वाहत होती, त्याच्या कडेने नव्हे. पुढे निजामाच्या काळातही, १८५३ पर्यंत, तिचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. नदीने माणसे तोडली नाहीत. ती तोडली एका फौजेच्या थकलेल्या पगाराने, आणि त्या फौजेची एक प्रमुख छावणी हिंगोलीत होती.

४.
सुरुवात १८०० च्या तहापासून करावी लागते. या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज कायमची स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी बल्लारी-कडप्पा भागातील आपला मोठा मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. संरक्षणाची किंमत येथेच, रोख नव्हे तर जमिनीच्या रूपाने, चुकती झाली होती. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कारण पुढची पन्नास वर्षे त्याच संरक्षणाचे दुसरे बिल निजामाच्या रयतेकडून वसूल केले गेले, आणि १८५३ मध्ये त्या दुसऱ्या बिलापोटी पुन्हा मुलूख मागितला गेला.

५.
दुसऱ्या बिलाचा आधार म्हणून याच तहाचे बारावे कलम दाखवले जाई. कलम काय सांगते? युद्ध उद्भवल्यास निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. अट युद्धकाळापुरती आहे. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाखाली कायमची वेगळी फौज पोसावी, असे त्यात कोठेही नाही. तरीही तशी फौज उभी राहिली. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास तिचा पाया घातला. तिला रसेल ब्रिगेड असेच नाव पडले. पुढे तीच ‘निजामाची फौज’ आणि १८५३ नंतर ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली.

६.
नाव निजामाचे, पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. निजामाच्या दरबारी कारभार होता राजा चंदूलाल यांच्याकडे, आणि त्यांची सत्ता टिकली होती रेसिडेन्सीच्या पाठिंब्यावर. त्यामुळे खर्चाला हरकत घेणारे कोणी उरले नाही. रसेलनंतर रेसिडेंट झालेल्या चार्ल्स मेटकाफनेही ही फौज म्हणजे चंदूलाल आणि इंग्रज यांचा निजामाच्या खर्चाने चाललेला भागीदारीचा धंदा असल्याचा शेरा मारला होता. ‘बिचारा निजाम पैसे भरतो आहे’, अशी थट्टा तिचे इंग्रज अधिकारी उघडपणे करीत. ज्या शिपायांना निजाम पगार देत होता, त्यांना तो साधा कूच करण्याचा हुकूमही देऊ शकत नव्हता.

७.
या फौजेच्या पलटणी बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली अशा ठिकाणी राहत. सुरुवातीच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक होती जानेवारी १८१९ चा नोव्हा गढीचा वेढा. नांदेडच्या परिसरातील हटकर नाईकांचे बंड तेथे तोफांनी मोडले गेले आणि गढीतील बहुतेक शिबंदी कापली गेली. ‘नोव्हा’ हे नाव पुढे या पलटणींच्या निशाणावर रणसन्मान म्हणून मिरवले. परकीय शत्रूवरील विजयाचे हे निशाण नव्हे. ज्या रयतेच्या पैशावर पलटण जगत होती, त्याच मुलखातील माणसांवर मिळवलेला हा सन्मान होता.

८.
पैसा येणार कोठून? या फौजेचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला. पगार महिन्याच्या महिन्याला हवा, आणि सारा येणार सुगीनंतर. मधली फट सावकारांनी भरली. हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने शेकडा चोवीसच्या आसपास व्याजाने रकमा पुरवल्या आणि बदल्यात परगण्यांचा वसूल लिहून घेतला. पुढे पेस्तनजी मेहेरजी या मुंबईच्या पारशी पेढीनेही वऱ्हाडचा वसूल तारण घेऊन पगार भागवला. परगणा गहाण पडला की सावकाराची घाई तहसीलदारावर, तहसीलदाराची पाटलावर आणि पाटलाची कुणब्यावर येत असे. हिंगोलीच्या कवायतीच्या मैदानावरची शिस्त अशा रीतीने खळ्यावरून वसूल होत होती.

९.
पामर पेढीचे देणे फेडण्यासाठी १८२३ मध्ये आणखी एक सौदा झाला. उत्तर सरकार या किनारपट्टीच्या मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. हे कायमचे उत्पन्न सुमारे एक कोटी सोळा लाख रुपये एकरकमी घेऊन निजामाने सोडून दिले. म्हणजे फौजेच्या पगारासाठी कर्ज, कर्जाच्या फेडीसाठी उत्पन्नाची विक्री, आणि उत्पन्न घटल्यामुळे पुन्हा पगाराची थकबाकी. याला उधळपट्टी म्हणणारे इतिहासकार आहेत. दरबारात उधळपट्टी होती, यात शंका नाही. पण घागरीला भोक पाडणाऱ्याने घागर रिकामी झाल्याचा दोष पाणी भरणाऱ्याला द्यावा, हा न्याय कोणत्या गावचा?

१०.
चंदूलाल १८४३ मध्ये पायउतार झाले. सावकारही हात आखडता घेऊ लागले, तेव्हा पगार कंपनीच्या खजिन्यातून दिला जाऊ लागला आणि तो निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडला गेला, व्याजासह. सावकार, मालक आणि वसुली अधिकारी या तिन्ही भूमिका आता एकाच हाती आल्या. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या डलहौसीला हे समजत नव्हते असे नाही. १८१७ च्या युद्धानंतर ही फौज निजामाने १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमानुसार बांधील असल्यामुळे पोसली, असे एक प्रामाणिक माणूस म्हणून आपण कधीच सांगू शकत नाही, असे त्याने स्वतः लेखी नमूद केले आहे.

११.
कायदेशीर आधार नाही, हे ज्याला मान्य होते, त्याच डलहौसीने जून १८५१ मध्ये निजाम नासिरुद्दौला यांना पत्र पाठवले. ज्या सत्तेचा रोष तुम्ही ओढवून घेत आहात, ती तुम्हाला पायाखालची धूळ करू शकते आणि तुमचे नावनिशाणही उरू देणार नाही, असा त्याचा आशय होता. दोन राज्यांमधील पत्रव्यवहाराची ही भाषा नव्हे. निजामाने त्या वर्षी मोठी रक्कम भरली. काही काळ मुलखाची मागणी थांबली. थकबाकी मात्र पुन्हा वाढली; वाढणारच होती, कारण ती निर्माण करणारी फौज जागच्या जागी होती.

१२.
मार्च १८५३ मध्ये कर्नल जॉन लो नवा रेसिडेंट म्हणून आला आणि त्याच्यासोबत नव्या तहाचा मसुदा. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिम मुलूख फौजेच्या खर्चासाठी कंपनीकडे सोपवावा, अशी मागणी होती. नासिरुद्दौला यांनी लो याला दिलेले उत्तर नोंदलेले आहे. राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या असतात, असे ते म्हणाले : वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि इमानाने लढलेल्या शिपायांना घरी पाठवणे. त्यांच्यासमोर पर्याय ठेवले गेले होते ते नेमके हेच दोन. नकार देण्याची जागा मसुद्यात नव्हती.

१३.
बोलणी आठवडे चालली. मग १४ मे रोजी रेसिडेंटचा सहायक मेजर कथबर्ट डेव्हिडसन याने दिवाण सिराज-उल-मुल्क यांना एक खासगी चिठ्ठी धाडली. बोलणी संपली असून फौजा हलवण्याची विनंती गव्हर्नर जनरलकडे आजच्या टपालाने जात आहे. पुण्याहून पुतण्याचे पत्र आले आहे, तेथील गोऱ्या पलटणींना हैदराबादवर कूच करण्यास सज्ज राहण्याचा हुकूम मिळाला आहे. लष्करी कारवाई केवळ जिल्ह्यांपुरती राहील असे समजू नका. निजामाचे हित चाहत असाल तर त्यांना मान्य करायला सांगा. स्नेह्याच्या सल्ल्यासारख्या सुरात लिहिलेली ही युद्धाची नोटीस होती. एका आठवड्याने तहावर शिक्का उमटला.

१४.
युद्ध झाले असते तर ते कसे झाले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कंपनीला नवीन सैन्य उभारण्याची गरज नव्हती. सिकंदराबाद आणि जालन्याला तैनाती फौज बसलेली होती. तिची किंमत निजामाने मुलूख देऊन चुकवली होती. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर येथे कंटिंजंट बसलेली होती. तिचा पगार निजामाच्या नावावर चढत होता. पुण्याहून येणाऱ्या पलटणी तेवढ्या बाहेरच्या. हिंगोलीचा शिपाई ज्या राजाचे मीठ खात होता, त्याच राजाविरुद्ध त्याला हुकूम मिळाला असता, आणि त्या मोहिमेचा खर्चही बहुधा राजाच्याच खाती पडला असता.

१५.
म्हणूनच १८५३ चे युद्ध ‘टळले’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो. दोन सशस्त्र पक्षांनी शहाणपणाने शस्त्रे खाली ठेवली, तर युद्ध टळते. येथे एका पक्षाची शस्त्रे चाळीस वर्षे आधीच दुसऱ्याच्या हाती गेली होती. युद्धाने जे मिळवायचे असते ते सारे न लढता मिळाले : मुलूख, महसूल, फौज आणि पराभूताची सही. गोळी सुटली नाही एवढाच फरक. दरोडेखोराने बंदूक दाखवून तिजोरी नेली आणि चाप ओढला नाही, तर तिजोरीच्या धन्याने ती ‘दिली’ असे पंचनाम्यात लिहीत नाहीत. इतिहासात मात्र तसे लिहिले गेले.

१६.
तहाने सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या कारभारात गेला. सिराज-उल-मुल्क सहीनंतर आठवडाभरातच वारले. त्यांच्या जागी आलेल्या चोवीस वर्षांच्या पुतण्याने, पहिल्या सालारजंगांनी, पुढची तीस वर्षे वऱ्हाड परत मागण्यात घालवली. त्यांच्या पहिल्या मुद्द्याला आजही उत्तर नाही. सिकंदराबाद आणि जालना या छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न निजामाच्या हक्काचे असताना १८१२ पासून कंपनी ते स्वतःच वापरत होती. ही रक्कम चार दशकांत चाळीस लाखांच्या पुढे जाते. ती वजा घातली, तर ज्या कर्जापोटी वऱ्हाड गेले ते कर्ज जवळजवळ शून्यावर येते.

१७.
हा हिशेब केवळ हैदराबादच्या दिवाणाचा असता तर त्याला पक्षपाती म्हणून बाजूला सारता आले असते. पण १८६० मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटनेही तेच लिहिले. दोन्ही सरकारांच्या परस्परांवरील मागण्या निःपक्षपातीपणे पाहिल्या असत्या, तर त्रेचाळीस लाखांच्या या कर्जासाठी निजामावर आपला न्याय्य दावा उरला नसता, असे आपले नेहमीच मत होते, असे त्याने कलकत्त्याला कळवले. त्या रेसिडेंटचे नाव कथबर्ट डेव्हिडसन. पुतण्याच्या पत्राचा दाखला देणारी ती चिठ्ठी लिहिणारा हाच गृहस्थ. वसुलीसाठी धमकी देताना जे ‘नेहमीचे मत’ त्याच्या खिशात होते, ते बाहेर यायला सात वर्षे लागली.

१८.
मधल्या सात वर्षांत १८५७ घडले होते. औरंगाबादच्या कंटिंजंट घोडदळात बंडाळी झाली आणि ती चिरडली गेली. उरलेली फौज कंपनीशी एकनिष्ठ राहिली. सर ह्यू रोझच्या मध्य भारतातील मोहिमेत, झाशीपासून काल्पीपर्यंत, हैदराबाद कंटिंजंट त्याच्या बरोबर होती. झाशीच्या राणीबद्दल मराठी माणसाला असलेला अभिमान सर्वश्रुत आहे. तिच्याविरुद्ध लढलेल्या फौजेचा एक भाग वऱ्हाडच्या कापसावर आणि ज्वारीवर पोसलेला होता, ही गोष्ट त्या अभिमानाच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. रयतेला विचारून तिचा सारा तिकडे गेला नव्हता, हे खरे. पण तो गेला होता.

१९.
निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहात कर्ज माफ झाले. रायचूर दोआब आणि धाराशिव परत मिळाले. कर्ज माफ झाले तरी कर्जापोटी नेलेले वऱ्हाड परत आले नाही. कारण आता असे सांगितले गेले की ते कर्जासाठी नव्हे, कंटिंजंटच्या खर्चासाठी ठेवले आहे. १८७२ मध्ये सालारजंगांनी त्या खर्चाच्या तरतुदीसाठी आठ कोटींची ठेव देऊ केली. तीही नाकारली गेली. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख खंडाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर घेतले, आणि १९०३ मध्ये कंटिंजंटच मोडून हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकली. हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी वऱ्हाड नेले ती फौज संपली. वऱ्हाड तेथेच राहिले.

२०.
सातव्या निजामाने पुढे वऱ्हाड मागितले, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचे उत्तर आले : हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, आणि तिचे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही. १८५३ मध्ये सही हवी होती, तेव्हा निजाम तह करण्याइतका स्वतंत्र राजा होता. त्याच तहाचा जाब विचारताच तो मांडलिक ठरला. १९३६ च्या करारात युवराजाला ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ ही पदवी मिळाली. मुलूख घेऊन नाव परत करण्याची ही रीत, वासरू नेऊन दावे परत करण्यासारखीच.

२१.
राजाचा अपमान हा राजाचा प्रश्न. रयतेचे काय झाले? पैनगंगा प्रथमच दोन राजवटींमधली हद्द बनली. उत्तरेकडे इंग्रजी अंमल, रयतवारी पाहणी, मराठी शाळा, आणि १८६७ मध्ये अकोल्यावरून नागपूरला पोहोचलेली रेल्वे. दक्षिणेकडे जहागिरी, फारसी आणि पुढे उर्दू कचेऱ्या, आणि हद्दीवर करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके. वाशीम-हिंगोली रस्त्यावरील एका गावाचे नाव आजही कनेरगाव नाका असे आहे. निजामाची रेल्वे पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आली आणि तेथे थांबली. ती वऱ्हाडातून खांडव्याकडे जोडली गेली ती स्वातंत्र्यानंतरच. रूळ थांबण्याला डोंगर कारण नव्हता, नदीही नव्हती.

२२.
१९४७-४८ मध्ये हीच रेषा पुन्हा युद्धाची रेषा झाली. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार कागदावर होता. सीमेवर रझाकारांचा जाच, नाक्यांवरचे हल्ले आणि नदी ओलांडून पळणारी कुटुंबे होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा एक तळ पैनगंगेपलीकडे उमरखेडला होता, कारण तेथे निजामाचा हुकूम चालत नव्हता. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाचे नाव त्या लढ्यातील हुतात्म्याचे आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत भारतीय सैन्य वऱ्हाडच्या बाजूनेही आत आले. पंच्याण्णव वर्षांपूर्वी न झालेल्या युद्धाने आखलेली हद्द अखेर या पाच दिवसांत पुसली गेली. कारभाराच्या नकाशावरून ती जायला १ नोव्हेंबर १९५६ उजाडावा लागला.

२३.
येथे पहिला आक्षेप येतो : १८५३ मध्ये युद्ध झाले असते तर हजारो माणसे मेली असती, मग ते टळले हे बरे नाही काय? बरे झाले. नासिरुद्दौला यांनी सही केली नसती तर हैदराबाद शहरात रक्तपात झाला असता, आणि निकालही वेगळा लागला नसता. हरणारी लढाई टाळणे हा गुन्हा नव्हे. हरकत आहे ती सहीला नव्हे, तिच्या वर्णनाला. धमकीला करार, खंडणीला कर्ज आणि जप्तीला सुपूर्ती म्हटले की पुढच्या प्रत्येक बलवानाला नमुना मिळतो. शेजाऱ्याच्या घरात आपली फौज ठेवा, तिचा खर्च त्याच्या नावे मांडा आणि थकबाकीत अंगण मागा, हा नमुना जगात आजही जुना झालेला नाही.

२४.
दुसरा आक्षेप वऱ्हाडातून येतो : इंग्रजी अंमलात आमचे भलेच झाले, शाळा, रेल्वे, बाजारपेठा आल्या. हिंगोलीच्या तुलनेत वाशीम-अकोल्याला काही गोष्टी लवकर मिळाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रेल्वे कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी आली होती, आणि वऱ्हाडच्या महसुलातून आधी पलटणी पोसल्या जात होत्या. शिवाय एका काठाच्या वाट्याला आलेले भले दुसऱ्या काठाच्या उपेक्षेचे समर्थन होऊ शकत नाही. दोन्ही काठांना विचारले नव्हते. एकाला मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही; निवड दोघांचीही नव्हती.

२५.
तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. या साऱ्यामुळे आसफजाही राजवट अन्याय सोसलेली, म्हणून वंदनीय ठरते काय? मुळीच नाही. चंदूलालच्या कारभारात पिळली गेलेली रयत निजामाचीच होती. नोव्ह्याला मेलेली माणसे त्याच्याच राज्यातली होती. १९४८ मध्ये रझाकारांना मोकळे रान देणारे सरकारही त्याचेच होते. उलट, हिंगोलीची छावणी त्या राजवटीच्या स्वातंत्र्याच्या दाव्याचा सर्वांत मोठा खंडनपुरावा आहे. आपल्याच पगारी फौजेला हुकूम देऊ न शकणारा राजा १९४७ मध्ये स्वतंत्र राष्ट्राची भाषा बोलत होता. लुटला गेलेला माणूस सज्जन असतोच असे नाही; म्हणून लूट ही लूट राहत नाही, असेही नाही.

२६.
दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, आणि ते व्हायलाच हवे. पण त्या दिवशी सांगितला जाणारा इतिहास बहुधा १९३८ च्या सत्याग्रहापासून किंवा १९४७ पासून सुरू होतो. त्यामुळे मराठवाड्याचे मागासपण म्हणजे केवळ एका निजामाचा स्वभाव, आणि विदर्भाचे वेगळेपण म्हणजे निसर्गाची योजना, असा समज पक्का होतो. पुढे अनुशेषाचे वाद, पाण्याचे वाद, निधीचे वाद याच समजावर उभे राहतात. पैनगंगेच्या दोन काठांवरची माणसे एकमेकांना उपरी समजू लागतात. ज्या वादाची मूळ रेषा एका खोट्या हिशेबाने आखली, त्या वादात हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.

२७.
म्हणून ते एका वाक्याचे उत्तर बदलले पाहिजे. निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांना दिले, असे नव्हे. कंपनीने तहात नसलेली फौज निजामाच्या खर्चाने पोसली, तिच्या पगाराचे कर्ज त्याच्या नावे मांडले, स्वतःकडील देणे त्यातून वजा केले नाही, युद्धाची धमकी दिली आणि वऱ्हाड घेतले; आणि याची किंमत पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील मराठी रयतेने एकशे तीन वर्षे वेगळ्या राजवटींत राहून मोजली. वाक्य लांब आहे. मुलांना पाठ करायला अवघड जाईल. पण हिंगोली आणि वाशीमच्या मुलांनी तरी ते एकदा पूर्ण वाचावे.